उशिरा पोचणारी गाडी

डोंगरावर जायचं ठरलं की बाकीची माणसं सामान बांधतात. भवानीपूरचे सान्याल आधी भांडून घेतात, आणि सामान घरातली एक बाई बांधते.

लग्न तातानचं होतं. मुलगी दार्जिलिंगच्या मजुमदार डॉक्टरांची, मुहूर्त गुरुवारचा, गोरज. हे सगळं ठरून महिना उलटला. कलकत्त्याहून वऱ्हाड वर कसं न्यायचं एवढं मात्र तीन रविवार खर्ची घालूनही ठरलेलं नव्हतं. लग्नाआधीच्या या शेवटच्या रविवारी फुलकोबी घातलेल्या कोई माशाचं जेवण झालं आणि सगळे पुन्हा त्याच टेबलाला चिकटले.

"छोटी गाडी," प्रणवेश म्हणाले. "सियालदाहून रात्रीची मेल, सकाळी न्यू जलपाईगुडी, तिथून डोंगर चढणारी छोटी आगगाडी. सान्यालांचा नवरदेव छोट्या गाडीनंच वर जातो. बाबा गेले होते."

प्रणवेश भावंडांत थोरले, सगळ्यांचे बडदा. बाबा गेले होते हे खरं होतं. त्यांची सासुरवाडी कर्सियांगची. पण गेले होते ते एकदाच. एकदा घडलेल्या गोष्टीला घराण्याची रीत म्हणायची या घराची जुनी खोड, आणि प्रणवेश त्या खोडीचे मालक.

"बाबा गेले तेव्हा मोटारी कुठे होत्या, बडदा?" धाकटा तिमिर म्हणाला. "विमान. दमदमला बसायचं, तासाभरात बागडोगरा. खाली मोटारी उभ्या. दुपारच्या जेवणाला आपण वर!"

"आणि टोपोर? नवरदेवाचा मुकुट विमानात कुठे ठेवणार?"

"मांडीवर."

"मांडीवर! ऐकलंस बुलू? सान्यालांचा टोपोर मांडीवर!"

खरं सांगायचं तर प्रणवेशना टोपोरशी काही देणंघेणं नव्हतं. कुणाला तरी पोचवायला ते एकदा दमदमला गेले होते, तेव्हा आकाशात चढणारं विमान बघताना त्यांनी गॅलरीचा कठडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तिथून ते गप्प घरी आले आणि त्या दिवसापासून विमानानं जाणाऱ्या माणसांना त्यांनी उथळ ठरवलं. तिमिरचंही काही वेगळं नव्हतं. त्याला वेळ वाचवायचा नव्हता. बागडोगऱ्याला मजुमदारांची माणसं घ्यायला येणार आणि त्यांच्या देखत आपण विमानाच्या शिडीवरून उतरणार, एवढंच त्याच्या डोक्यात होतं. कोट कुठला घालायचा तेही ठरलेलं होतं.

"विमानात मासा चालतो का?" बुलूनं विचारलं.

बुलू बहीण, प्रणवेशच्या पाठची. नवरा गेल्यावर माहेरी परत आली ती सगळ्यांच्या डोक्यावर बसायलाच. मुलीकडे पाठवायच्या तत्त्वात, म्हणजे भेटींच्या ताटांत, नथ घातलेला, लाल साडी नेसवलेला रुई मासा जातो. तो सजवायचा मान या घरात तिचा, आणि तो मान तिनं आजवर कुणाला शिवू दिलेला नाही.

"मासा सिलीगुडीत घेऊ," तिमिर म्हणाला.

"सिलीगुडीचा मासा! आपल्या तत्त्वात!" पाच मिनिटांपूर्वीपर्यंत विमानाच्या बाजूनं असलेली बुलू उठून थेट थोरल्या भावाच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसली. "बडदा, मी तुझ्या बाजूनं. पण मेल नको. एक अख्खी बस करू. घराच्या दारातून निघायचं ते मांडवाच्या दारात. पुढच्या सीटवर मी बसते, ड्रायव्हरकडे लक्ष ठेवते."

"म्हणजे ड्रायव्हर फरक्क्यालाच पळून जाईल," तिमिर म्हणाला.

"शिशिर, बघ कसा बोलतो! तू काही म्हण ना."

शिशिर म्हणजे मधला भाऊ, बंगालीत मेज, आणि नवऱ्या मुलाचा बाप. तो विमानाला हो म्हणाला होता, गाडीलाही हो म्हणाला होता, आणि आता बसलाही मान हलवत होता. शेवटी जो बोलला तो बरोबर, हे त्याचं आयुष्यभराचं धोरण. असल्या माणसाला लोक स्वभावानं गरीब म्हणतात. त्याच्या बायकोला विचारलं असतं तर तिनं दुसरा शब्द सांगितला असता.

ती बायको, सुरमा, पानांचं तबक घेऊन आली आणि टेबलाशी उभी राहिली. तबक ठेवून झालं तरी ती हलली नाही.

"हॉटेलात एक खोली जास्तीची सांगता येईल का?" तिनं विचारलं.

"कुणासाठी?" शिशिरनं खरोखरच आश्चर्यानं विचारलं.

"माझ्यासाठी."

बुलू हसली. "अगं मेजबौ, आईनं मुलाचं लग्न बघायचं नसतं. एवढंही ठाऊक नाही?"

"लग्न कुठे बघतेय, बुलूदी? खोलीत बसेन. दार लावून. खिडकीतून डोंगर बघेन."

"बौमा," प्रणवेश सावकाश म्हणाले. धाकट्या भावाच्या बायकोशी ते नेहमी समोरच्या भिंतीकडे बघून बोलत. "गावात असलं की आईचे पाय मांडवाकडे वळतात. मुलाच्या संसाराला ते बाधतं. आईनं घरी दिवा लावून बसावं. बरं, घर कोण राखणार? चार दिवस कुलूप?"

"आणि सीट तरी कुठे आहे, मेजबौदी?" तिमिर म्हणाला. कुठल्या वाहनातली सीट, ते अजून कुणालाच माहीत नव्हतं.

सुरमानं तबक उचललं. लग्न होऊन ती या घरात आली त्या वर्षी शिशिर म्हणाला होता, पूजेच्या सुटीत दार्जिलिंगला जाऊ. त्या वर्षी सासूबाईंनी अंथरूण धरलं. सासूबाई पुढे पुष्कळ वर्षं अंथरुणातच होत्या, आणि घरातले सगळे मात्र दार्जिलिंगला जाऊन येत होते. कारण म्हाताऱ्या माणसापाशी कुणीतरी एक थांबलं की भागतं. ते कुणीतरी कोण, याची चर्चा कधी झाली नाही. सासूबाई गेल्या तेव्हा तातानची परीक्षा होती. प्रत्येक वेळी गाडीत खायच्या लुची आणि आलूदम तिनं करून दिले. कानांवरून येणाऱ्या लोकरी माकडटोप्याही तिनंच विणल्या, या लग्नासाठीसुद्धा, झाडून सगळ्यांच्या मापाच्या. कांचनजंघा तिला कॅलेंडरवर ठाऊक होतं. ते फेब्रुवारीच्या पानावर असायचं, आणि मार्च लागला तरी ती ते पान उलटत नसे.

तातान तिच्या मागोमाग स्वयंपाकघरात आला. मुलगा वाईट नव्हता. बापाचा होता इतकंच.

"मा, वाईट वाटून घेऊ नको. पुढच्या वर्षी मी स्वतः नेईन तुला. विमानानं."

सुरमानं त्याच्याकडे नीट पाहिलं. तोच आवाज, तीच मान वाकडी करून बोलायची तऱ्हा, आणि तेच पुढचं वर्ष. तिला त्याचा राग आला नाही, किळस आली, आणि पोटच्या पोराची किळस यावी याचं तिला रडू आलं. "जा," ती म्हणाली, "बाहेर तुझी वाट बघताहेत."

बाहेर वेगळाच घोळ सुरू झाला होता. प्रणवेशनी पंजिका, म्हणजे बंगाली पंचांग, उघडली होती. गुरुवारी लग्न म्हणजे बुधवारी रात्री निघणं भाग, आणि बुधवारी उत्तरेला दिशाशूळ.

"म्हणूनच म्हणतो विमान," तिमिर म्हणाला. "गुरुवारी सकाळी उडायचं."

"वराला आभाळातून आणून टाकतात का? प्रस्थान ठेवू," प्रणवेश म्हणाले. "सोमवारी सकाळी चांगली वेळ आहे. नवरदेवाचं एक रोजचं धोतर, टोपोर आणि मूठभर तांदूळ गाठोड्यात बांधायचं आणि घरातल्या माणसानं ते घेऊन उंबरा ओलांडायचा. समोर मित्तिरांकडे नेऊन ठेवायचं. प्रवास सोमवारीच सुरू झाला असं धरायचं. मग बुधवारी मेलनं गेलं तरी दोष नाही."

"म्हणजे मेल ठरली?" शिशिरनं विचारलं, आणि कुणी नाही म्हणायच्या आत मान हलवली.

"पण एक ध्यानात ठेवा," प्रणवेश बोट वर करून म्हणाले. आता काय येणार ते सगळ्यांना ठाऊक होतं. घरात हे दर लग्नाला येई. "एकदा पाऊल बाहेर पडलं की माघारी फिरायचं नाही. मोठे काका प्रस्थान ठेवून निघाले आणि छत्री विसरली म्हणून परत आले. पुढे काय झालं? नदीवरचा पूल वाहून गेला, लग्न मोडलं, काका जन्मभर तसेच राहिले. एका छत्रीपायी!"

पूल काही छत्रीची वाट बघत थांबला नव्हता, तो तसाही वाहून जाणारच होता. पण ही गोष्ट ऐकताना सान्यालांच्या घरात हसायचं नसतं.

"गाठोडं कोण नेणार?" बुलूनं विचारलं. "माझे गुडघे नाहीत बाई."

तिमिरला ऑफिस होतं. शिशिरला मांडववाल्याकडे जायचं होतं. नवरदेवानं स्वतः नेणं बरं दिसत नव्हतं. स्वतः प्रणवेश जिने उतरत नसत.

"मेजबौमाला काय काम आहे?" ते म्हणाले. "ती काही प्रवासाला येणार नाहीये. ती नेईल."

सोमवारी ठरल्या वेळी शंख वाजला. सुरमानं लाल काठाची साडी नेसून, गाठोडं छातीशी धरून उंबरा ओलांडला. मागे वळून न बघता तिनं गल्ली ओलांडली आणि समोरच्या दारातून ती मित्तिरांकडे गेली. तिच्या खांद्याला एक पिशवीही होती, पण सुरमाच्या खांद्याला काय आहे हे बघायची त्या घरात कुणाला सवय नव्हती.

दुपारी जेवायची वेळ झाली तेव्हा चुलीवर काहीच नाही हे पहिल्यांदा तिमिरच्या लक्षात आलं. तो ऑफिसला गेलाच नव्हता.

"मेजबौदी कुठाय?"

बुलूनं न्हाणीघरात हाक मारली, गच्चीत मारली. मग सगळे पुढच्या सज्जात आले. समोर मित्तिरांच्या सज्जात सुरमा खुर्चीवर बसली होती. हातात चहाचा कप होता, आणि तो दुसऱ्या कुणीतरी करून दिलेला होता.

"अगं, घरी ये! डाळसुद्धा चढवलेली नाही!" शिशिर ओरडला.

"कशी येऊ?" सुरमानं तिकडून विचारलं. तिचा आवाज गल्लीत खाली भाजीवाल्यापर्यंत नीट ऐकू गेला. "मी तातानचं प्रस्थान घेऊन निघालेय. माघारी फिरले तर?"

मित्तिरकाकी सुरमाच्या मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. इतका आनंद त्यांना त्यांच्या नातवाच्या बारशालाही झाला नव्हता.

शेवटी सगळा ताफा मित्तिरांच्या बैठकीत उतरला. प्रणवेशना जिना उतरवायला दोघे लागले. तोपर्यंत बुलू मित्तिरांचे रसगुल्ले खात होती, आणि खाता खाता तिची बाजू बदलत होती. थोरल्या भावाच्या तोंडाकडे बघून तिला फार दिवसांनी मजा वाटत होती. तिला आणखीही काही वाटत होतं. सगळ्या दार्जिलिंगच्या सहली तिनं खिडकीपाशी बसून केल्या होत्या आणि मागे कोण राहिलं हे एकदाही विचारलं नव्हतं. पण ही गोष्ट कबूल करण्यापेक्षा तिनं रसगुल्ला तोंडात टाकला.

"बौमा, गाठोडं इथेच ठेव आणि घरी चल," प्रणवेश म्हणाले. "नियम गाठोड्याला आहे. माणसाला नाही."

"छत्री घ्यायला गाठोडं परत आलं होतं का, बडदा?" बुलूनं विचारलं. "की काका?"

"तू गप्प बस!"

"मी कशाला गप्प बसू? तुझीच गोष्ट आहे. दर लग्नाला ऐकवतोस."

"बुलूदी म्हणताहेत ते खरं," सुरमा म्हणाली. तिनं आयुष्यात पहिल्यांदा थोरल्या दिरांकडे सरळ बघितलं. ते भिंत शोधू लागले. "मी परत फिरले आणि गुरुवारी वर काही झालं, घाटात दरड पडली, मुहूर्त टळला, मुलगी मांडवात तशीच उभी राहिली, तर बोल कुणाला लागेल? मलाच ना? मग मी नाही फिरणार. हे गाठोडं दार्जिलिंगला पोचेपर्यंत माझ्या हातात राहील."

"आणि आईनं लग्न बघायचं नसतं, त्याचं काय?" तिमिरनं विचारलं. "वर गेल्यावर पाय वळलेच मांडवाकडे तर?"

"वळतील कसे? मी गावातच नसेन. तुम्ही सगळे न्यू जलपाईगुडीहून मोटारीनं पुढे जा. टोपोर तेवढा तिथे तातानच्या हातात देते, गाठोडं माझ्याकडे. मी येते छोट्या गाडीनं. माझी गाडी पोचेपर्यंत लग्न लागून गेलेलं असेल."

"छोटी गाडी वेळेवर पोचते!" प्रणवेश कडाडले. "बाबा पोचले होते!"

"अस्सं?" सुरमा म्हणाली. "मग मी तुमच्याबरोबर मोटारीनंच येते. कशानंही आलं तरी मुहूर्ताआधीच पोचायचं, तर एकटी कशाला येऊ?"

प्रणवेशनी मनाशी हिशोब मांडून बघितला. ती गाडी वेळेवर पोचते म्हणावं, तर आई मुहूर्ताला मांडवाच्या दारात. उशिरा पोचते म्हणावं, तर नवरदेवाला तीच गाडी हवी म्हणून तीन रविवार टेबल बडवणारा माणूस अख्ख्या घरापुढे मूर्ख ठरणार. ही बाई परत फिरत नाही म्हणाली तेव्हाच मोडायला हवं होतं, पण छत्रीची गोष्ट त्यांच्या स्वतःच्या तोंडची होती. त्यांना तिचा संताप आला. संतापाखाली थोडी भीतीही होती; इतकी वर्षं ही आतल्या खोलीत बसून सगळं ऐकत होती की काय.

"बोल ना बडदा," बुलूनं बोटं चाटत विचारलं. "छोटी गाडी वेळेवर पोचते की उशिरा?"

तिमिर खाली बघत होता. शिशिर कुणाकडे बघून मान हलवावी ते शोधत होता.

"गुरुवारी," प्रणवेश भिंतीकडे बघून म्हणाले, "गुरुवारी उशिराच पोचते."

तीन रविवारांत जे ठरलं नाही ते असं ठरलं. सियालदापर्यंत टॅक्सी, पुढे मेल, पुढे मोटारी. विमान गेलं, बस गेली, आणि सान्यालांची छोट्या गाडीची रीत पाळायला सगळ्या घराण्यातून एकटी सुरमा उरली. दोन रात्री ती मित्तिरांकडेच झोपली. त्या दोन दिवसांत सान्यालांच्या घरी काय शिजलं याबद्दल न लिहिलेलं बरं.

गुरुवारी सकाळी न्यू जलपाईगुडीच्या फलाटावर धुकं होतं. बुलूच्या बाकाखालून बर्फाच्या पेटीत आलेला मासा सगळ्या डब्याला माहीत झाला होता. बाहेर मोटारवाले घाई करत होते. छोटी गाडी आपल्या छोट्या फलाटावर धूर सोडत उभी होती, आणि सान्याल खिडकीवरून भांडत होते.

"उजवीकडे बस, बौमा. उजवीकडून दिसतं."

"डावीकडे, बडदा! मी तीनदा गेलोय."

"तू झोपून गेला होतास!"

सुरमा एका खिडकीशी जाऊन बसली. कुठल्या बाजूची ते तिनं बघितलं नाही. शिशिर खिडकीखाली येऊन उभा राहिला. त्याला काहीतरी बोलायचं होतं. बहुधा जुन्या वचनाबद्दल, बहुधा माफी. ते ओठांपर्यंत आलं आणि नेहमीसारखं तिथेच राहिलं.

"थंडी आहे वर," तो म्हणाला.

"हो," सुरमा म्हणाली. तिनं हात बाहेर काढून त्याच्या डोक्यावरची माकडटोपी ओढून घेतली आणि आपल्या डोक्यावर चढवली. सगळ्यांच्या विणल्या होत्या, स्वतःचीच राहिली होती. शिशिर विस्कटलेल्या केसांनी तिथेच उभा राहिला. माफी त्याला मागता आली नाही, पण टोपी त्यानं परत मागितली नाही, एवढं त्याच्या बाजूनं लिहायला हरकत नाही.

"तातान, चल, आईच्या पाया पड!" बुलू ओरडली. "मेजबौ, विचार गं त्याला, विचारायचं असतं ना! मोटारी सुटताहेत."

तातान खिडकीशी आला. सुरमानं गाठोडं सोडून टोपोर त्याच्या हातात दिला. मग रीतीप्रमाणे विचारलं, "कुठे चाललास, बाबा?"

"तुझ्यासाठी दासी आणायला, मा," तो म्हणाला. प्रत्येक बंगाली नवरा मुलगा निघताना आईला हेच म्हणतो. हे वाक्य ऐकताना आपण रडू असं सुरमाला त्याच्या जन्मापासून वाटत आलं होतं. पण रडू आलं नाही.

"दासी नको," ती म्हणाली. "ती जागा मी भरून बघितलीय. माणूस आण."

तातानचा चेहरा उतरला. त्यानं मागे पाहिलं. प्रणवेश भिंत शोधत होते, पण फलाटाला भिंत नव्हती. गार्डनं शिट्टी दिली.

"आणि आता मला विचार," सुरमा म्हणाली.

"काय विचारू?"

"तेच. मी तुला विचारलं ते."

त्याला क्षणभर कळलं नाही. मग कळलं. टोपोर छातीशी धरून, सगळ्या घराच्या देखत, त्यानं विचारलं, "कुठे चाललीस, मा?"

गाडी हलली. सुरमानं टोपी कानांवर नीट ओढली.

"दार्जिलिंगला," ती म्हणाली.